माल कोरडा पोचला पाहिजे

रविवार, ४ मार्च

बाबा,

वर तीर्थरूप लिहायचं असतं हे मला माहीत आहे. पण तीर्थरूप लिहिलं की खाली शिरसाष्टांग नमस्कार घालावा लागतो, आणि आडवं पडायची आत्ता माझी तयारी नाही. उभ्यानं लिहितोय. खरंच उभ्यानं, कारण खोलीत टेबल एकच आहे आणि त्याच्यावर माझ्याबरोबर राहणाऱ्या वेल्डरचा स्टोव्ह आहे. मी खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवलाय.

पत्र का, तर फोनवर माझा आवाज आला की तुम्ही फोन आईच्या हातात देता आणि गाडी पुसायला बाहेर जाता. स्वच्छ गाडी. कागदाचं तसं नाही. कागद तुम्ही वाचल्याशिवाय सोडत नाही. घर बदलणाऱ्या लोकांच्या कपबश्या ज्या रद्दीत गुंडाळता ती रद्दीसुद्धा आधी वाचता आणि मग गुंडाळता, गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं असलं तरी. तेव्हा हे फाडलंत तरी तुकडे जोडून वाचाल.

ताईचा फोन आला होता. या पंचवीस तारखेला सगळ्यांनी दिव्यावर जायचं ठरलंय म्हणाली. आई, धाकटी, ती स्वतः, दाजी, आणि सुट्टी मिळाली तर मी. एका दमात एवढं बोलली आणि थांबली. ताई थांबली की पुढं तुमचं वाक्य येणार हे कळतं. मग म्हणाली, "बाबांची एक अट आहे. मी गाडी वळवली की त्यानंही गुमान वळायचं. तसा शब्द दे म्हणाले, आणि मगच गाडीत चढ."

नाही देत.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करतो. मग एवढीशी गोष्ट जरा उलगडून बघू. दिवा म्हणजे जमीन संपते तिथलं दीपगृह. आपल्या घरापासून गाडीनं अर्धा दिवससुद्धा लागत नाही. ताई शाळेत जात होती तेव्हापासून आपण तिकडं निघतोय. निघतोयच. टेम्पोत मागं सामान गुंडाळायची जाड ब्लँकेटं अंथरायची, त्यावर आम्ही तिघं, मध्ये डब्यांची पिशवी, वर ताडपत्री. तुम्ही चारी बाजूंनी अशी आवळून बांधायचात की आत आम्ही कुणाचं तरी कपाट असल्यासारखे बसायचो. मग मोठा रस्ता सोडून दिव्याकडं वळायच्या तोंडाशी तो बंद पडलेला पेट्रोल पंप यायचा, आणि तिथं आभाळातून काहीतरी पडायचं. एक थेंब पुरायचा. पंपाच्या आवारात गाडी घ्यायची, गोल वळवायची, घरी. घरी आल्यावर तीच ब्लँकेटं पुढच्या खोलीत अंथरून आई डबे उघडायची आणि म्हणायची, झाली की नाही सहल.

कधी पाऊस, कधी गारा. एकदा धुकं. एकदा नुसतीच धूळ उठली होती, ढग नावालाही नव्हता. आणि ती टँकरची गोष्ट तर माझी इथं सगळ्यांना सांगून झालीय. कडक ऊन होतं. पुढं पाण्याचा टँकर चालला होता आणि तो गळत होता. त्याचे दोन थेंब तुमच्या काचेवर पडले आणि तुम्ही गाडी वळवलीत. धाकटीनं ताडपत्रीच्या फटीतून टँकर बघितला होता. मीपण बघितला होता. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि गप्प बसलो. बाप गाडी वळवतो तेव्हा मागच्या मालानं बोलायचं नसतं.

शाळेत बाई म्हणायच्या, याच्या अक्षराला वळण नाही. शेजारचे म्हणायचे, पोराला वळण नाही. मला हसू यायचं. आमच्या घरी दुसरं होतं काय? सगळं आयुष्य वळणात गेलं.

गेल्या वर्षी मी उतरलो. तुम्ही पंपात गाडी घातलीत, वळायला हळू केलीत, मी ताडपत्रीची एक गाठ सोडली आणि उडी मारली. बास. कुणाला शिवी दिली नाही, काही फोडलं नाही. चालत दिव्यापर्यंत गेलो, तिथं बसलो, चालत परत आलो, मिळेल त्या गाडीनं घरी आलो. त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. मी घर सोडून इकडं कामाला आलो तेव्हा तुम्ही म्हणे आईला म्हणालात, गेला ते बरं झालं, गाडी हलकी झाली.

एवढं सगळं वेल्डरला दाखवून शुद्धलेखन बघून घेतलंय. तो दहावीपर्यंत गेलेला आहे. पुढचं मात्र त्याला दाखवणार नाही, कारण ते घरातलं आहे.

बाबा, तुम्ही भीत्रे आहात.

आज्ञेत नसलेला,
तुमचा मुलगा


मंगळवार, १३ मार्च

बाबा,

पत्र मिळालं. म्हणजे माझंच पत्र मला मिळालं.

पाकीट दारातच फोडलं, खोटं कशाला बोलू. वर तुमचं अक्षर. आत माझाच कागद, जसाच्या तसा. म्हटलं न वाचताच परत पाठवला. वेल्डर म्हणाला, उलटून तर बघ. उलटून बघितला. शेवटच्या ओळीत तुमची ती जाडी निळी पेन्सिल, जिनं तुम्ही लोकांच्या फर्निचरवर 'वर' आणि 'खाली' लिहिता. 'भीत्रे' मधली दीर्घ वेलांटी खोडून वर ऱ्हस्व काढलीय. बाकी एक शब्द नाही.

वेल्डर स्टोव्हसमोर बसून इतका हसला की त्याची भाजी करपली. म्हणाला, तुझ्या बापाला मानलं पाहिजे, शिवी मान्य आहे, वेलांटी नाही.

मी हसलो नाही. नंतर हसलो, पण ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

बरं, भित्रे. आता ऱ्हस्व लिहिलाय. शब्द तोच आहे.

ताईनं फोनवर तुमची बाजू मांडली. ती वकील व्हायला हवी होती. म्हणाली, बाबांचा धंदाच तो आहे. लोकांची गादी भिजली की ती परत गादी होत नाही. इतक्या वर्षांत बाबांच्या गाडीतून एकाही घराचं सामान ओलं उतरलं नाही, गावभर त्यांचं नाव आहे त्यासाठी. माल कोरडा पोचला पाहिजे, नाहीतर परत आणायचा. आणि आपल्यालाही त्यांनी दर वेळी सुखरूप घरी आणलं की नाही? कुणाला साधा ओरखडा तरी आला का?

नाही आला. ओरखडा आला नाही आणि दुसरंही काही आलं नाही. ताई, म्हटलं, मी गादी नाही.

तर ती म्हणाली, तू गादी नाहीस, तू उशीत घुसलेला काटा आहेस. आणि फोन ठेवला.

तुम्हाला माझं काम माहीत नाही म्हणून सांगतो. विचारणार तर नाहीच तुम्ही. आम्ही मोठाल्या गोदामांवर पत्रे चढवतो. एकेक पत्रा खोलीच्या लांबीचा. खालून दोघं दोरानं चढवतात, वर दोघं धरतात, मी स्क्रू मारतो. मुकादमानं छपराच्या टोकाला एका काठीवर लाल फडकं बांधलेलं असतं. पावसात आम्ही काम करतो. उन्हात तर करतोच. पण फडकं काठीपासून सरळ आडवं झालं की मुकादम शीळ घालतो आणि आम्ही खाली. वाऱ्यात पत्रा हातात राहत नाही, पतंग होतो, आणि पतंगाबरोबर माणूस जातो. तेव्हा खाली कधी उतरायचं ते मलाही शिकवलेलं आहे. मी वेडा नाही. फरक एवढाच की आम्ही आधी वर जातो. तुम्ही पायऱ्या चढायच्या आधीच शीळ घालता.

परवा सकाळी पाऊस होता, बारीक, न संपणारा. मी वर बसून स्क्रू मारत होतो आणि पाणी मानेवरून आत जात होतं. एकदा पूर्ण भिजलं ना बाबा, की मग पुढं भिजायचं काही उरत नाही. त्यानंतर पाऊस म्हणजे नुसता आवाज असतो. हे तुम्हाला माहीतच नसणार, कारण तुम्ही कधी तिथवर गेलाच नाहीत. पहिल्या थेंबालाच वळलात.

शब्द देणार नाही. सुट्टी मात्र मागितलीय. मुकादम म्हणाला, घरी कोण आजारी आहे? म्हटलं कुणी नाही, सहलीला जायचंय. तो माझ्याकडं असा बघत राहिला की जणू मी म्हटलं मला पगार नको. मग म्हणाला, जा. सहलीसाठी सुट्टी मागणारा पहिलाच आलास, बाकीचे आजीला मारतात.

हे पत्रसुद्धा दुरुस्त करून पाठवायचं असेल तर पाठवा. वेल्डरला आणखी एकदा हसायचंय.

तोच


सोमवार, १९ मार्च

बाबा,

हे पत्र घाईचं आहे, कारण ते रविवारच्या आत पोचलं पाहिजे.

काल आईचा फोन आला. तुम्ही घरी नव्हता म्हणाली, कुणाचं तरी कपाट पोचवायला गेला होता. आई फोनवर कशी बोलते ते तुम्हाला माहीत आहे. आधी जेवलास का, मग गार पाण्यानं अंघोळ करू नकोस, मग खोलीत ढेकूण आहेत का. ढेकणांवरून ती हवेवर आली. रविवारी हवा बिघडणार आहे म्हणून दोन दिवस बातम्यांत सांगतायत. समुद्राच्या बाजूला वारा, पाऊस. तुम्ही सकाळ-संध्याकाळ ते ऐकताय आणि काही बोलत नाही. त्यातून माझा शब्द आलेला नाही. एवढ्यात बाबा सहलच रद्द करतील बघ, म्हणाली.

म्हटलं, आई, मग तू काय सांगतेस? मी शब्द देऊ?

मागं नळ चालू होता, तो तिनं बंद केला. मग म्हणाली, "मला एकदा तुम्ही सगळे एका ठिकाणी, घराबाहेर बसून जेवलेले बघायचे आहेत. धाकटीचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. मग कोण कुठं असेल. तू शब्द दे नाहीतर देऊ नकोस, ते तुम्हा बापलेकांचं. मला जेवलेले बघायचे आहेत."

एवढंच. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, मी शब्द देऊन टाकला असता आणि गाडीत बसून दात खाल्ले असते.

रात्रभर विचार केला असं लिहिणार होतो, पण मी झोपलो. सकाळी छपरावर चढताना सुचलं.

अट कुणासाठी आहे? तुमच्या गाडीत चढणाऱ्यासाठी. मग मी गाडीत चढतच नाही. मी रेल्वेनं येतो, पण घरी येत नाही. दिव्याच्या बाजूला जो फाटा आहे तिथपर्यंत दुसऱ्या रस्त्यानं दुधाची गाडी जाते, चौकशी केलीय. रविवारी सकाळी मी थेट दिव्यावर असेन. मी तुमचा माल नाही, तेव्हा मला कोरडं पोचवायची जबाबदारी तुमच्यावर नाही. शब्दाचा प्रश्नच मिटला. तुमची अट तुमच्याजवळ, माझा शब्द माझ्याजवळ.

आता सहल रद्द करायला माझं कारण तुम्हाला मिळणार नाही. हवेचं कारण आहेच, ते तुमचं जुनं आहे. पण एक लक्षात ठेवा. या वेळी तुम्ही पंपापासून वळलात तर पलीकडं कुणीतरी बसलेलं असेल. आतापर्यंत तिकडं कुणी नसायचं, म्हणून वळणं सोपं होतं.

तुम्ही येईपर्यंत मी जेवणार नाही. हे उपोषण नाही, डबे तुमच्याकडं आहेत म्हणून.

दिव्यावर भेटणारा


मंगळवार, २७ मार्च

बाबा,

तुम्ही अर्धीच गोष्ट बघितलीत, म्हणून पुरी लिहितो. गाडीतलं मला धाकटीनं सांगितलं, तेव्हा त्यात मीठमसाला असेल तर तिचा.

मी सकाळी लवकर पोचलो. दुधाच्या गाडीवाल्यानं मला फाट्यावर सोडताना विचारलं, नक्की इथंच? आभाळ खाली आलं होतं. मी पोचलो आणि पाऊस सुरू झाला, आणि साधा नाही, आडवा. भिंतीच्या आडोशाला पाठ टेकून बसलो. वाट बघायची मला सवय नाही. छपरावर हात चालू असतात. इथं करायला काहीच नव्हतं, म्हणून मी तुमच्याशी भांडलो. मनातल्या मनात, दोन्ही बाजूंनी. तुमच्या बाजूनंही मी बरं भांडतो, तुम्हाला माहीत नसेल. एका भांडणात तर तुम्ही जिंकलात.

दुपार व्हायला लागली. म्हटलं, वळले. साहजिक आहे. या हवेत मुकादमानंही शीळ घातली असती. फडकं केव्हाच आडवं झालं असतं. उठलो, पिशवी खांद्याला लावली. आई आता पुढच्या खोलीत ब्लँकेटं अंथरत असेल हे डोळ्यांसमोर आलं आणि मी रस्त्यावरचा एक दगड उचलून समुद्रात फेकला. वाऱ्यानं तो माझ्याच पायाशी आणून टाकला.

आणि मग पंपाकडून येणाऱ्या रस्त्यावर एक निळी ताडपत्री चालत येताना दिसली.

खरं सांगतो, आधी भ्यालो. ताडपत्रीला आठ पाय होते. मध्येच ती थांबायची, फुगायची, सगळी एका बाजूला कलायची, मग आतून कुणीतरी ओढून सरळ करायचं आणि पुन्हा आठ पाय चालायला लागायचे. पुढच्या दोन पायांत आईच्या चपला होत्या.

आत चौघंही नखशिखांत भिजलेले. दाजींच्या बुटांतून पाणी बाहेर येत होतं. धाकटी इतकी हसत होती की तिला बोलता येईना. ताईनं मला बघितल्याबरोबर पाठीत धपाटा घातला आणि मग तोच हात तिथंच ठेवून उभी राहिली. आईनं पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, धर, अंडी फुटली असतील.

बसल्यावर धाकटीनं सांगितलं ते असं. मोठ्या रस्त्यावरच पाऊस लागला होता आणि तरी तुम्ही चालवत राहिलात. हे पहिल्यांदाच. ताईनं दाजींचा हात घट्ट धरला, कारण तिला वाटलं आता तुम्ही पंप ओलांडून पुढं जाणार. मग पंप आला आणि तुम्ही आत घेतलीत. सवयीनं घेतलीत की ठरवून, ते तुमचं तुम्हाला माहीत. आई केबिनमध्ये तुमच्या शेजारी होती. ती म्हणाली, उभी करा जरा. तुम्हाला वाटलं हिला मळमळतंय. तुम्ही उभी केलीत. आई उतरली, मागं गेली, ताडपत्रीतून हात घालून डब्यांची पिशवी काढली, आणि परत तुमच्या खिडकीशी येऊन, भाजी आणायला निघाल्यासारखी म्हणाली, "मी येते जाऊन."

तुम्ही म्हणालात, "भिजशील."

आई म्हणाली, "वाळेन की."

आणि चालायला लागली. मागं वळून बघितलं नाही म्हणे. मग धाकटीनं उडी मारली. मग ताई. दाजी जावईमाणूस, त्यांचा एक पाय गाडीत आणि एक खाली, तुमच्याकडं बघतायत, ताईकडं बघतायत. शेवटी म्हणाले, मामा, मी यांना सोडून आलोच. आणि तेही गेले.

तुमचा माल स्वतःच्या पायानं उतरून गेला, बाबा.

ते थोडं पुढं गेले आणि मागून तुमची हाक आली. आई थांबली नाही. दाजी थांबले. तुम्ही त्या पावसात गाडीच्या सगळ्या गाठी सोडत होता. धाकटी म्हणाली, तुम्ही ताडपत्री त्यांच्या डोक्यावर टाकलीत, दाजींच्या हातात दोन टोकं दिलीत, 'वाऱ्याकडची बाजू खाली धरा' एवढं सांगितलंत आणि डोकं भिजवत परत गाडीत जाऊन बसलात.

ताडपत्रीबद्दल मी आभार मानत नाही. ती माझ्यासाठी नव्हती.

आम्ही जेवलो. अंडी सगळी फुटली होती, पाव ओला झाला होता. आईनं सगळ्यांना वाढलं आणि स्वतः घास हातात धरून एकेकाच्या तोंडाकडं बघत बसली. दाजी म्हणाले, खा की तुम्ही. ती म्हणाली, खातेय. तुमचा डबा तिनं उघडला नाही. झाकण घट्ट आहे ना ते दोनदा बघितलं आणि पिशवीत तळाशी ठेवला. टोमणा माझ्या तोंडावर आला होता, त्यावर मी पावाचा घास कोंबला.

नंतर पाऊस ओसरला. त्यानंतर आम्ही काय बघितलं ते पुढं येईल. म्हणजे येणार नाही.

परत निघालो तेव्हा मला वाटलं होतं पंप रिकामा असेल. गाडी तिथंच होती. तोंड घराकडं, म्हणजे वळवून झाली होती, पण नेली नव्हती. वर ताडपत्री नाही, मागची ब्लँकेटं भिजून काळी पडलेली. एवढ्या वर्षांत त्या गाडीत पहिल्यांदा काहीतरी ओलं झालेलं मी बघितलं. तुम्ही आत स्टेअरिंगवर हात ठेवून बसला होता. आईनं दार उघडून डबा तुमच्या मांडीवर ठेवला. तुम्ही तो उघडला नाहीत. तुम्ही आमच्याकडं एकेक करून बघितलंत, आम्ही पाच जण तुमच्यासमोर पाणी गाळत उभे. माझ्यावरून तुमची नजर पुढं गेली, परत आली आणि थांबली. वर्षभरानं तुम्ही माझ्याशी बोललात. बाकी कुणाशी नाही, माझ्याशीच.

"काय आहे तिथं?"

मी काय काय ऐकायला तयार होतो. चालता हो म्हणाला असतात तरी उत्तर तयार होतं. हे ऐकायला तयार नव्हतो. कारण तेव्हा मला कळलं की तुम्हीही कधी गेलेला नाही. ज्या दिव्याचं वर्णन ऐकत आम्ही मोठे झालो, उंच आहे, पांढरा आहे, वरून असं दिसतं न् तसं दिसतं, ते सगळं तुम्ही कुठल्यातरी रद्दीत वाचलेलं. पंपाच्या पुढचा रस्ता तुम्ही एकदाही बघितलेला नाही. आम्हाला तुम्ही ज्याच्यापासून परत आणत होता, त्यापासून स्वतःलाही आणत होता.

आईनं तोंड उघडलं. ती सांगणारच होती, तिच्या चेहऱ्यावर सगळं मावत नव्हतं.

मी म्हटलं, "आई, सांगायचं नाही."

ताई म्हणाली, काय हा दुष्टपणा. असू दे. त्या क्षणी तुम्हाला सांगितलं असतं तर तुमचं काम झालं असतं. बसल्या जागी, कोरड्या केबिनमध्ये, घराकडं तोंड करून. घरी जाऊन तुम्ही तेही वर्णन लोकांना सांगितलं असतंत. नाही सांगितलं. स्टेशनपर्यंत तुम्ही मला सोडलंत, मी मागं ओल्या ब्लँकेटांवर बसलो, आणि वाटेत पुन्हा पाऊस आला तेव्हा तुम्ही गाडी थांबवली नाहीत. ते मी मोजलंय. उतरताना तुम्ही म्हणालात, पिशवी विसरू नको. मी विसरलो नाही.

आज आईचा फोन होता. म्हणाली, तुम्ही आडून आडून विचारताय. जेवताना विचारलंत, वर जायला जिना आहे की शिडी. मग धाकटीला एकटीला गाठून विचारलंत, वरून गाव दिसतं का. धाकटी म्हणाली, मला शपथ घातलीय. मी कसलीही शपथ घातलेली नाही, ती स्वतःच रंगात आलीय. आणि काल तुम्ही आईलाच सरळ विचारलंत, तर ती पोळपाट बाजूला ठेवून म्हणाली, जाऊन बघा.

या पत्रातही ते नाही. शोधू नका, दोन्ही बाजू बघितल्यात तरी मिळणार नाही.

धाकटीच्या लग्नाला मी येणार आहे, आणि लग्न झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी दिव्यावर जाणार आहे. हवा कशी असेल ते मी ऐकणार नाही, तुम्ही ऐका, तुमचा स्वभाव आहे. गाडी आणायची तर आणा, नाहीतर पंपावर लावून चालत या, रस्ता सरळ आहे. मी तुम्हाला न्यायला पंपापर्यंत येणार नाही. शब्द मागणार नाही, अट घालणार नाही. तुम्ही वळलात तर वळा, मी तिथं बसलेलो असेन आणि डबा माझ्याकडं असेल.

भिजायला या.